सिद्ध झालंय, पण बसंना!

काँपसर्ट म्हणजे सी भाषेचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा. भाषांतर करताना प्रोग्रामचा अर्थ बदलत नाही, याची कॉक या सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गणिती सिद्धता. भारीच. पण मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून, इतरांना ते सहज बसवता यावं म्हणून त्याचं पॅकेज बांधतोय, चौथ्यांदा! आधी तयारी तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट म्हणतेय, कॉकची ही आवृत्ती चालणार नाही. जुनी घातली की बांधणीला लागणारी ओकॅमल भाषा रुसते, तिला समजावलं की मेनहिर हे पार्सर बनवणारं टूल. त्यात २०२५ मध्ये कॉकनं नावच बदलून रॉक केलं, म्हणजे माझ्या स्क्रिप्टा पुन्हा पहिल्यापासून. बांधणीची मेक कमांड लावून मिसळ खाऊन आलो (कट जास्तीचा, अर्थात), तरी सिद्धता तपासणं चालूच. लॅपटॉपवर पापड भाजला असता. तेवढ्यात ज्युनिअरचा फोन, "दादा, एका कमांडीत होतंय न्हवं?"

होतंय की भावा. तुझं एका कमांडीत व्हावं म्हणूनच हितं माझं डोस्कं फुटायलंय.