गुरुजी, घाबरवायला नव्हतं लिहिलं

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इंग्रजीतल्या उलटसुलट शब्दांवर मी जे लिहिलं, त्यात टँकरवरच्या ‘इनफ्लेमेबल’ला चुकीचा शब्द म्हटलं, हे तुम्हाला पटलं नाही. मराठीत काय कमी घोळ आहेत, हेही तुम्ही विचारलंत. पण खरी चीड शेवटच्या ओळीत होती: मराठवाड्यातली पोरं आधीच इंग्रजीला भितात, त्यांना आणखी कशाला बिचकवता?

टँकरच्या बाबतीत माझ्याकडं बचाव नाही. जालना रोडवर टँकरच्या मागं अडकलो होतो. समोर लाल अक्षरांत ‘हायली इनफ्लेमेबल’. मनात आलं, ‘इन’ लागला म्हणजे नकार, मग हा टँकर न पेटणारा म्हणायचा का? घरी येऊन लिहून मोकळा झालो. हा ‘इन’ नकाराचा नव्हेच. लॅटिनमध्ये पेटवणे या अर्थाच्या क्रियापदातच तो बसलेला आहे. ‘इनकरेक्ट’मधला ‘इन’ वेगळा, नुसता तोंडावळा सारखा. पण फसणारा मी एकटा नाही. लोक उलटा अर्थ घेऊन जिवाला मुकतील या धास्तीनं १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी ‘फ्लेमेबल’च लिहा असा आग्रह धरला. म्हणून आज दोन्ही शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच: पेटणारं.

मराठीचंही मान्य, उलट माझ्याकडून भर घाला. आपण नारळ ‘वाढवतो’ म्हणजे फोडतो. बांगडी फुटली की आजी म्हणायची, वाढवली. आणि पंगतीत वरण वाढतो, ते तिसरंच. निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘परवा’ तर दोन्हीकडं तोंड असलेला शब्द, मागचाही आणि पुढचाही. काही ठिकाणी मात्र मराठी सरळ आहे, तेवढं श्रेय द्या. इंग्रजीत ‘डस्ट’ म्हणजे टेबलावरची धूळ काढणं आणि पिकावर भुकटी टाकणं, दोन्ही. आपल्याकडं घरात झटकणं आणि शेतात धुरळणी. तुरीवर धुरळणी कर म्हटल्यावर कुणी फडकं घेऊन निघत नाही.

आता भीतीचं. इथं मात्र मी हटणार नाही.

मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. आठवीत एका उताऱ्यात वाक्य होतं, अलार्म पाच वाजता ‘वेन्ट ऑफ’ झाला. प्रश्न: मुलगा किती वाजता जागा झाला? ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे आम्हाला पाठ. गावात लाइट गेली की ‘लाइट ऑफ’, आणि ती तर रोजच जायची. मी लिहिलं, अलार्म बंद पडला, त्यामुळं मुलगा झोपून राहिला. भोपळा मिळाला, वर हातावर दोन पट्ट्या. पट्टीचं काही नाही, त्या काळी सगळेच खायचे. पण ‘लाइट्स वेन्ट ऑफ’ म्हणजे दिवे गेले आणि ‘अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे गजर वाजला, हे विचित्र आहे बाबा, असं एक वाक्य कुणी बोललं नाही. बंदूक उडते, तसा गजर उडतो, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला ढ समजत राहिलो.

गुरुजी, पोरं घोळाला भीत नाहीत. घोळ फक्त आपल्याच डोक्यात आहे, बाकी सगळ्यांना कळतंय, असं वाटतं तेव्हा भितात.

वाळूजला नोकरीला लागल्यावर एकदा अमेरिकेतल्या ग्राहकाचा मेल आला, हा विषय ‘टेबल’ करू. ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलेलो. टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं. रात्री दोनपर्यंत जागून कागद तयार केले. सकाळी कळलं, अमेरिकेत त्याचा अर्थ विषय तूर्त बाजूला ठेवणं! नंतर वाचलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले होते. दोघांचं मत एकच होतं. चर्चिलनीच लिहून ठेवलंय. ते वाचल्यावर मला वाळूजच्या त्या रात्रीचं काही वाटेनासं झालं.

आमचे काका इंग्रजी शिकलेले नाहीत, त्यामुळं त्यांना भीतीही नाही. त्यांना ‘सँक्शन’ माहीत आहे ते पीककर्जामुळं. टीव्हीवर इराणवर सँक्शन लागल्याची बातमी ऐकून म्हणाले, “सँक्शन म्हंजे मंजुरीच ना रे? मग मंजुरी भेटल्यावर तेल कामून महागायलंय?” मी सांगितलं, मूळ अर्थ कायद्यानं पक्कं करणं, त्यातून एक फाटा मंजुरीकडं गेला, दुसरा कायदा मोडणाऱ्याच्या शिक्षेकडं. काकांनी क्षणभर विचार केला. “आपल्या कर्जाचं दुसऱ्या फाट्यावरचं दिसतंय.”

तुमच्या वर्गातही असे प्रश्न विचारणारी पोरं असतीलच. त्यांचे किस्से पाठवा, तुमचं नाव न घालता छापीन. टँकरचा परिच्छेद आज दुरुस्त केलाय. पुढचा लेख परवा टाकतो. येणाऱ्या परवा.