अॅव्हेंजर्सचं 'गुप्त सत्य' म्हणे!

ताईने फॅमिली ग्रुपवर ढकललेला 'अॅव्हेंजर्सचं गुप्त सत्य, ९९ टक्के लोकांना माहीत नाही' हा मेसेज मी सोडूनच दिला होता, पण काल भाच्याने तो शाळेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला आणि मी टोकलं तर मलाच म्हणतो, मामा तुला काही माहीत नाही, हे बघ इथे लिहिलंय. मग बसलो लिहायला. मेसेज आहे अॅव्हेंजर्सबद्दल, म्हणजे मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीच्या सुपरहिरो टीमबद्दल, आणि त्यात चार दावे आहेत.

१) "जगातली पहिली सुपरहिरो टीम. जस्टिस लीग ही हिची कॉपी."
साफ उलटं. मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी, तिच्या टीम बघा: जस्टिस सोसायटी १९४० च्या हिवाळ्यातली, जस्टिस लीग १९६० ची. अॅव्हेंजर्सचा पहिला अंक सप्टेंबर १९६३ चा. आधी आलेला नंतरच्याची कॉपी कशी करेल बाबा? पुढे.

२) "निक फ्युरीने शील्डतर्फे टीम बनवली, कॅप्टन अमेरिका पहिला मेंबर."
फ्युरी म्हणजे शील्ड या कॉमिकमधल्या गुप्तहेर संस्थेचा प्रमुख. हे वाचून डोकंच फिरलं, कारण पहिल्या अंकाचं रिप्रिंट माझ्याकडे आहे, फोर्टच्या फुटपाथवरून घासाघीस करून घेतलेलं, आणि त्यात ना फ्युरी आहे ना कॅप्टन. खलनायक लोकीला थॉरवर सूड उगवायचाय म्हणून तो हल्कला रेल्वे रुळावर खोटे डायनामाइट दाखवतो, हल्क ते उचलायला धावतो, त्यात पूलच तुटतो आणि सगळं खापर हल्कवर. हल्कचा दोस्त रिक जोन्स आणि त्याची पोरांची रेडिओ गँग मदतीसाठी फॅन्टास्टिक फोर या मार्व्हलच्याच दुसऱ्या टीमला मेसेज पाठवतात, लोकी तो मधेच वळवतो की एकट्या थॉरलाच मिळावा, पण तो आयर्न मॅन, अँट मॅन आणि वास्पलाही ऐकू जातो. म्हणजे टीम जमली ती रेडिओच्या घोळामुळे! आणि तेव्हा हल्क कुठे असतो? सर्कशीत. तोंडाला विदूषकाचा रंग फासून, यांत्रिक माणूस असल्याचं सोंग करून प्राणी हवेत उडवून झेलत. मेसेजवाल्याने हे पान बघितलं असतं तर 'गुप्त सत्य' म्हणून हेच टाकलं असतं ना. शेवटी नाव सुचवते ती वास्प, पहिल्या पाच जणांतली एकटी बाई, आणि मेसेजमध्ये नेमका तिचाच पत्ता नाही. कॅप्टन बर्फातून बाहेर निघतो चौथ्या अंकात, मार्च १९६४. हल्क तर दुसऱ्याच अंकात रागावून निघून गेला. शील्ड ही संस्था कॉमिक्समध्ये आली १९६५ ला.

बरं, अर्धं खरं आहे ते मान्य करतो. २००२ च्या 'अल्टिमेट्स' कॉमिकमध्ये, म्हणजे त्याच हिरोंच्या वेगळ्या विश्वात, फ्युरीच टीम जमवतो, आणि २०१२ च्या पिक्चरने बरंच काही तिथून घेतलं. पण ते चाळीस वर्षांनंतरचं. त्याला मूळ म्हणू नका.

३) "सगळे हिरो स्टॅन ली यांनी एकट्याने, एका रात्रीत निर्माण केले."
बाकीचं अज्ञान म्हणून सोडता येतं, हे नाही. मार्व्हलचा लेखक-संपादक स्टॅन ली मलाही आवडतो, पण पानं काढली कोणी? जॅक कर्बी. तो काही लीने लिहून दिलेल्याला नुसती चित्रं जोडणारा नव्हता, अनेकदा थोडक्या बोलण्यावर अख्खी गोष्ट पानांवर तोच रचायचा आणि ली नंतर संवाद भरायचा. कॅप्टन अमेरिका तर लीचा नाहीच, तो कर्बी आणि जो सायमनचा, हिटलरला ठोसा मारतानाचं ते कव्हर आठवा, मार्च १९४१. कॅप्टनच्या त्या मासिकात ली आला तो तिसऱ्या अंकात दोन पानी गोष्ट लिहायला, पोरगेला होता तेव्हा. थॉरचे पहिले संवाद लीच्या भावाने, लॅरी लीबरने लिहिले, आणि आयर्न मॅनची पहिली गोष्ट डॉन हेकने काढली. एका रात्रीत म्हणे! अँट मॅन १९६२ मधला, आयर्न मॅन १९६३ च्या मार्चमधला.
कर्बी १९९४ मध्ये गेला. त्याच्या मुलांनी हक्कांसाठी मार्व्हलशी भांडून प्रकरण पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या दारापर्यंत नेलं, सप्टेंबर २०१४ मध्ये समझोता झाला, आणि आज कॉमिक उघडलं की लीच्या शेजारी कर्बीचं नाव दिसतं. इतक्या खटपटीने मिळालेलं नाव एका फॉरवर्डने परत पुसायचं?

४) "हे सगळं गोल्फच्या मैदानावर ठरलं."
मार्व्हलचा मालक मार्टिन गुडमन डीसीच्या साहेबांबरोबर गोल्फ खेळत होता, त्यांनी जस्टिस लीगच्या खपाची बढाई मारली, ही ती गोष्ट. जस्टिस लीगचा खप बघून गुडमनने टीमवालं कॉमिक मागितलं असं ली स्वतः सांगायचा, पण त्यातून निघाली ती १९६१ ची फॅन्टास्टिक फोर, अॅव्हेंजर्स नाही. गोल्फचा भाग तर ऐकीव, डीसीच्या त्या साहेबांनी तो नाकारल्याचंही सांगतात. आणि गंमत बघा, हा दावा खरा धरला तर मेसेजचा पहिलाच मुद्दा पडतो, कॉपी कोणी कोणाची केली ते आपोआप कळतं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. ताईने अंगठा दिलाय, मेसेज अजून तिथेच आहे. भाच्याने एवढंच विचारलं, मामा तो सर्कशीतला हल्क दाखव ना.