‘सकाळचे कॅलिब्रेशन दिवसभर पुरते’ हा दावा का टिकत नाही

टाइम-ऑफ-फ्लाइट मास स्पेक्ट्रोमीटर (आयनांच्या, म्हणजे प्रभारित रेणूंच्या, उड्डाणाला लागणाऱ्या वेळेवरून वस्तुमान काढणारे उपकरण) वापरणाऱ्यांत एक विधान सर्रास फिरते: सकाळी कॅलिब्रेशन करताना, म्हणजे ज्ञात वस्तुमानाच्या मानकांवरून वेळ आणि वस्तुमान यांचा वक्र बसवताना, उर्वरित त्रुटी ५ पीपीएमच्या (दहा लाखांत ५ भागांच्या) आत आली, की दिवसभराची सगळी वस्तुमाने तेवढीच अचूक, शिवाय रेझोल्यूशन चांगले असेल आणि एक लॉक मास (नमुन्यासोबतच मोजला जाणारा, ज्ञात वस्तुमानाचा संदर्भ) लावला असेल, तर चिंताच नको. यावर विसंबून प्रथिनांची ओळख पटवली जाते, म्हणून त्याचा एकेक भाग तपासणे गरजेचे आहे.

उर्वरित त्रुटी फक्त एवढेच सांगते, की वक्र मानकांच्या बिंदूंवर किती नीट बसला. तीन मानकांवर तीन गुणकांचा वक्र बसवला तर ती शून्यच येणार, मग मोजमाप कितीही बिघडलेले असो. अँजिओटेन्सिन-२ (वस्तुमान १०४६.५४) ते एसीटीएच या संप्रेरकाचा १८–३९ हा तुकडा (२४६५.२०) या पेप्टाइड मानकांमधल्या पट्ट्यात बसवलेला वक्र ३५०० जवळही खरा ठरेल, असे धरून चालता येत नाही. एक मानक मुद्दाम बाजूला ठेवून त्याचे वस्तुमान अज्ञात नमुन्यासारखे काढावे आणि अचूकता म्हणून तोच आकडा सांगावा.

‘दिवसभर’ हा शब्द तर तापमानापुढे टिकतच नाही. वस्तुमान उड्डाणकालाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने कालातली सापेक्ष चूक वस्तुमानात दुप्पट होते. २० किलोव्होल्टवर १००० डाल्टनचा एकप्रभारी आयन दीड मीटर अंतर सुमारे २४ मायक्रोसेकंदांत कापतो. तिथे एका नॅनोसेकंदाची चूक ८३ पीपीएमची होते. स्टेनलेस स्टीलची फ्लाइट ट्यूब एका अंशाला साधारण १७ पीपीएम प्रसरण पावते, म्हणजे भरपाईची सोय नसेल तर वस्तुमान सुमारे ३४ पीपीएमने सरकते. पॉवर सप्लायचे व्होल्टेज सरकले, तर त्याची भर वेगळी. माल्डीमध्ये (प्लेटवर वाळवलेल्या नमुन्याच्या ठिपक्यावर लेसर मारून आयन बनवण्याच्या पद्धतीत) टार्गेट प्लेटची उंची एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत बदलते, त्यामुळे शेजारच्या ठिपक्यावरचे कॅलिब्रेशन तिथल्यापुरतेच असते. प्रथिने तोडण्यासाठी घातलेले ट्रिप्सिन हे विकर स्वतःलाही तोडते; त्या स्वपचनातून येणारी ८४२.५१ आणि २२११.१० ही वर्णपटातली शिखरे त्याच ठिपक्यात मिळतात, म्हणून ती अधिक भरवशाची.

रेझोल्यूशनबद्दल फार लिहायला नको: ते शिखराची रुंदी सांगते, जागा नव्हे.

लॉक मासवरचा भरवसा मला सर्वांत घातक वाटतो. काळ-अंक परिवर्तक (आयन पोहोचल्याची वेळ अंकांत नोंदणारा भाग) वापरणाऱ्या उपकरणात एक आयन नोंदला गेला, की काही नॅनोसेकंद पुढचा आयन नोंदला जात नाही. आयन फार असतील तर शिखराची मागची बाजू कापली जाते, मध्य अलीकडे सरकतो आणि वस्तुमान कमी दिसते. लॉक मास म्हणून वापरलेल्या ल्युसिन एन्केफॅलिन या पेप्टाइडचे ५५६.२७७ हे शिखर असे संपृक्त होऊन १० पीपीएम खाली वाचले गेले, तर सॉफ्टवेअर सगळा वर्णपट १० पीपीएमने वर उचलते, आणि ज्या क्षीण शिखरांचे वस्तुमान बरोबर होते तीच चुकतात. म्हणून लॉक मासचे द्रावण विरल ठेवावे आणि प्रत्येक फाइलीत त्याची तीव्रता पाहावी.

मानकांच्या तक्त्यात धन आयनातून इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वजा करायचे राहिले, तर ५५० जवळ सुमारे १ पीपीएमची चूक कायमची बसते, आणि कितीदाही फेरकॅलिब्रेशन केले तरी ती निघत नाही.