कार्यक्रम नको, तालीम हवी

तुरुंगात कैदी गातायत अशी एखादी क्लिप फिरायला लागली की खाली ठरलेल्या दोन कमेंट येतात. एक, "काय आवाज आहे! माणूस चुकला असेल, पण कलाकार मोठा." दुसरी, "आणि यांनी ज्यांचा जीव घेतला, त्यांनी कुठे गायचं?" मला दुसरी कमेंट जास्त प्रामाणिक वाटते. पहिलीत कौतुक आहे खरं, पण त्याला अट आहे. आवाज चांगला पाहिजे. मग बेसूर कैद्याचं काय करायचं?

माझी सगळी वकिली त्या बेसुऱ्यासाठीच आहे. तुरुंगात गाणं आणि कविता असावी, पण दर आठवड्याच्या तालमीसाठी असावी. वर्षातून एकदा पाहुण्यांसमोर बसवलेल्या कार्यक्रमासाठी नव्हे. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. पाहुणे यायच्या आधी पंधरा दिवस धावपळ, चार गाणी घोटून घेतली, फोटो झाले, पेटी-तबला परत कपाटात. यात सुधारणा कुणाची झाली, तर फार तर साउंड सिस्टीमवाल्याच्या उत्पन्नात.

चमत्काराच्या गोष्टींनी आपला फार घात केलाय. लेड बेली हा अमेरिकन ब्लूज गायक टेक्ससच्या तुरुंगात होता. गव्हर्नरसमोर त्यानं माफीची विनंतीच गाऊन केली आणि १९२५ मध्ये त्याला माफी मिळाली. इथपर्यंत खरं. पुढे तो दुसऱ्या गुन्ह्यात लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात गेला. १९३३ मध्ये जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या बापलेकांनी तिथे त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३४ मध्ये तो सुटला. पुन्हा गाण्यानंच दार उघडलं, अशी दंतकथा झाली. अधिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: चांगल्या वर्तणुकीची नियमानं मिळणारी सूट धरून तो सुटला. पण शिक्षेतल्या सवलतीच्या हिशोबाची गोष्ट कोण सांगणार?

रेजिनाल्ड ड्वेन बेट्स या अमेरिकन कवीची गोष्ट अलीकडची. सोळाव्या वर्षी गाडी लुटल्याबद्दल तुरुंगात, तिथे एकांत कोठडीत, आणि एके दिवशी दाराखालून कुणीतरी कृष्णवर्णीय कवींचा एक संग्रह आत सरकवला. पुढे तो कवी झाला, येल विद्यापीठातून वकील झाला, २०२१ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही तिथली मानाची पाठ्यवृत्ती मिळाली. सगळं खरं. पण प्रत्येक कैद्यातून बेट्स निघावा असं धरून चाललात तर दुसऱ्या वर्षीच योजना गुंडाळावी लागेल. त्यानं स्वतः काय केलं बघा. २०२० मध्ये संस्था काढली आणि कैदी राहतात त्या बराकींतच पुस्तकांची बसकी, वळणदार लाकडी कपाटं ठेवायला सुरुवात केली. येता-जाता हात पोचेल अशी. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

तालमीत असं काय असतं? ब्रिटनमधल्या 'गुड व्हायब्रेशन्स' या संस्थेचं उदाहरण घेते. २००३ पासून ते तिथल्या तुरुंगांत गॅमेलन शिकवतायत. गॅमेलन म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा वाद्यमेळ: काशाच्या पट्ट्यांची वाद्यं, ओळीनं मांडलेल्या लहान-मोठ्या घंटा, टांगलेले मोठे गाँग. गिटार का नाही? कारण गिटार आणली की ज्याला चार कॉर्ड येतात तो लगेच दादा होतो. गॅमेलन तिथे बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेलं नसतं, त्यामुळे सगळे शून्यावर. नोटेशन वाचता आलंच पाहिजे असं नाही. वाद्यांवरून ओलांडून जायचं नाही, चपला-बूट काढून बसायचं. आणि खरी गंमत रचनेत आहे. एकाचे ठोके दुसऱ्याच्या मधल्या जागेत बसतात, त्यामुळे एकट्यानं वाजवलं तर अर्धवट काहीतरी ऐकू येतं. समोर काठी हलवणारा कुणी नसतो, ढोलकं लय सांभाळतं आणि बाकीच्यांनी कान द्यायचा. मोठ्या गाँगवाल्याच्या वाट्याला बराच वेळ काहीच नसतं. त्यानं थांबायचं आणि आपली वेळ आली की बरोबर एकदा मारायचं. हात उगारायची सवय असलेल्या माणसाला थांबायला शिकवणारी याहून बरी शाळा मला तरी सुचत नाही.

कवितेचा वर्ग याहून अवघड. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात सप्टेंबर १९७१ मध्ये उठाव झाला, ४३ माणसं मेली. त्यानंतर वर्षभराच्या आत, १९७२ मध्ये, सेलेस टिसडेल या कवीनं तिथे कवितेची कार्यशाळा सुरू केली. भिंतींवरच्या आठवणी अजून ताज्या होत्या, तरी माणसं वहीपेन घेऊन बसली. १९७४ मध्ये त्या कवितांचं पुस्तकही आलं.

अशा वर्गात पहिल्या कवितेत आई असते, गज असतात, अंधार असतो, नशीब तर असतंच. भाबडा शिक्षक इथे टाळ्या वाजवतो. चांगला शिक्षक विचारतो, नशीब राहू दे, त्या रात्री त्या दुकानात आणखी कोण होतं? त्याच्या अंगावर काय होतं? हा प्रश्न झेपायला महिने लागतात, आणि झेपला की ज्याच्यावर वार झाला तो माणूस कवितेत येतो. दुसऱ्या कमेंटवाल्याला माझं उत्तर एवढंच आहे. यातून माफी मिळत नाही, मिळूही नये. पण नुसत्या भिंतीकडे बघून वर्षं काढणाऱ्याला हा प्रश्न कधीच कुणी विचारत नाही.

मात्र ती वही कोण वाचणार, हे आधी ठरवा. रॅपच्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून वापरल्या गेल्यात. त्याला लगाम घालायला कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये कायदा केला. ज्याचा खटला अजून चालू आहे अशा कच्च्या कैद्याला "मनातलं लिही" म्हणणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं होऊ शकतं.

गाणं कुणाच्या मालकीचं, हेही आधी ठरवा. १९५९ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सनं मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात लाकडं फोडताना गाणाऱ्या कैद्यांचं ध्वनिमुद्रण केलं. म्होरक्या होता जेम्स कार्टर. चार दशकांनी ते गाणं हॉलिवूडच्या एका चित्रपटात आलं, त्याच्या अल्बमला २००२ मध्ये ग्रॅमी मिळालं. कार्टरला शोधून काढून २० हजार डॉलरचा चेक दिला गेला. ते गाणं गायल्याचं त्याला आठवतही नव्हतं! इथे निदान शोधलं तरी.

आकड्यांबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याच बाजूचे लोक इथे थापा मारतात. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१३ च्या अहवालात तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा तुरुंगात यायची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी दिसली. हा आकडा संगीताच्या प्रस्तावांत सर्रास चिकटवला जातो. तो अभ्यास साक्षरता, शालेय, महाविद्यालयीन आणि व्यवसाय शिक्षणाचा होता. शिवाय जो आपणहून वर्गाला नाव घालतो, तो मुळातच बदलायला निघालेला असू शकतो. गाण्यानं गुन्हे कमी होतात हे सिद्ध झालं तरच गाणं शिकवू, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलांच्या क्लासची फी कुठल्या अभ्यासावरून भरली?

सरकारं तर एका फटक्यात सगळं बंद करू शकतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ मध्ये नियम बदलले आणि कैद्यांना धातूच्या तारांची गिटार ठेवायला बंदी आली. गायक बिली ब्रॅग वगैरेंनी आवाज उठवला, तेव्हा २०१४ मध्ये ती उठली. सुरक्षेची काळजी खोटी नसते, तार ही तार असतेच. पण तारा मोजून देता येतात, मोजून घेता येतात.

तुरुंगातला आठवड्याचा वर्ग आपल्याला नवा नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेचा एक अध्याय घेत, साने गुरुजी उतरवून घेत. फेब्रुवारी ते जून, १८ रविवार. तिथे उद्‌घाटन, सांगता, पाहुणे असलं काही नव्हतं, पुढचा रविवार होता. राजकीय कैद्यांचं हे आपण अभिमानानं सांगतो आणि चोरीच्या कैद्याला तसा रविवार मिळाला की आपल्या पोटात दुखतं.

प्रत्यक्षात वर्ग मोडतो तो फुटकळ कारणांनी. गटातल्या दोघांची दुसऱ्या तुरुंगात बदली होते, एकाची कोर्टाची तारीख निघते, शिपाई कमी म्हणून त्या दिवशी बराकच उघडत नाही. वर्गाला बसलं तर कामाची मजुरी बुडते, आणि घरी पैसे पाठवणारा माणूस मजुरीच निवडणार. शिकवणारा फुकट येतो, म्हणून सहा महिन्यांत यायचा थांबतो.

आणि सुटल्यावर? अमेरिकेत आयोवातल्या ओकडेल तुरुंगात मेरी कोहेन यांनी २००९ मध्ये एक गायनवृंद सुरू केला. त्यात कैदी आणि बाहेरून येणारे नागरिक एकाच रांगेत उभे राहून गायचे, तालीमही एकत्रच. त्यामुळे फाटकाबाहेर पडणाऱ्याच्या ओळखीची, पोलीस आणि वकील सोडून, चार माणसं आधीच गावात असायची. २०२० मध्ये महामारी आली आणि बाहेरच्यांचं आत जाणंच थांबलं.