बँक देतेय ना, मग घे

मागच्या रविवारी सकाळी उठलो तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ४७ मेसेज. पुण्यातल्या भाच्याचं गृहकर्ज मंजूर झालं होतं. ९० लाख, २० वर्षं, ८ टक्के. मंजुरीपत्राचा फोटो, त्याखाली अभिनंदनाची रांग, आणि दाजींचं एक वाक्य: "बँक देतेय ना, मग घे. बँक काय वेडी आहे का?"

इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनला, बाहेर उणे १४ होतं, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा होता, दुपारी मुलीला स्केटिंगला न्यायचं होतं. पण मी त्या वाक्यापाशीच अडकलो. आपल्याकडे घर घेताना हेच वाक्य शेवटचा शब्द ठरतं, आणि दरवेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

बँक वेडी नाही हे खरंच. ती तिचा हिशोब चोख करते. घर तिच्याकडे गहाण, किमतीतला चौथा हिस्सा आधीच तुमच्या खिशातून गेलेला. उद्या तुम्ही बुडालात तरी तिचे पैसे सुटावेत एवढीच तिची काळजी. महिन्याच्या २० तारखेला तुमच्या खात्यात काय उरतं, मूल झाल्यावर सुनेला वर्षभर घरी थांबता येईल का, हे प्रश्न तिने विचारायचे नाहीतच. ते घरच्यांनी विचारायचे. आणि घरचे पेढे वाटतायत.

मी भाच्याकडून सगळे आकडे मागवले. तो आणि त्याची बायको दोघंही हिंजवडीत नोकरीला. पगार मिळून २ लाख १५ हजार, हातात १ लाख ७० हजार. रावेतला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तीन बेडरूमचा फ्लॅट, करारातली किंमत १ कोटी २० लाख. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून ९० लाख. म्हणजे पदरचे ३० लाख. इथपर्यंत सगळ्यांनी मोजलेलं होतं. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ८ लाख ४० हजार. नोंदणीचे ३० हजार. ताबा बाकी असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, ६ लाख. हे १४ लाख ७० हजार कर्जात बसत नाहीत, रोख लागतात. एकूण ४४ लाख ७० हजार. पोरांची शिल्लक २६ लाख. राहिलेले १८ लाख ७० हजार कुठून? तर दाजींच्या पीएफमधून. दाजी साखर कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि त्या पीएफशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नाही.

हप्ता ७५,२८० रुपये. गाडीच्या कर्जाचे १४ हजार वेगळे. ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या घराचे २८ हजार चालूच. इमारत वर चढेल तसतसं बँक बिल्डरला पैसे सोडणार. ६३ लाख सुटले की महिन्याला ४२ हजार रुपये नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. ताबा लांबला तर हे किती महिने चालेल, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नाही.

मी एवढं लिहिल्यावर अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणे भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. दुसरा, चुलतभाऊ, म्हणे घर घेणंच मूर्खपणा, भाड्याने राहा आणि फरक म्युच्युअल फंडात टाका. मला दोन्ही वैताग आणतात, कारण दोघंही त्या पोराच्या पगाराकडे बघतच नाहीत. तसल्याच फ्लॅटचं भाडं महिन्याला ३० हजार म्हटलं तरी वर्षाला किमतीच्या ३ टक्के होतं, आणि कर्ज ८ टक्क्यांचं. त्यामुळे आकड्यात भाडंच जिंकतं, मान्य. पण दर ११ महिन्यांनी करार, घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की सामान बांधा, हे आमच्या ताईने दहा वर्षं सोसलंय. स्वतःचं घर हवं वाटणं यात मूर्खपणा कसला? घर घ्यावंच. प्रश्न केवढं, एवढाच आहे.

आता इथलं सांगतो. सांगितलं की "तुमच्याकडे डॉलर आहेत, तुम्हाला काय" हे ऐकावं लागणार, पण सांगतो. २०१९ मध्ये मी घर बघत होतो तेव्हा मला चार बेडरूमचं डिटॅच्ड, म्हणजे सुटं स्वतंत्र घर हवं होतं. ऑफर मिळत होती ३ टक्क्यांची, आणि मॉर्गेज एजंट म्हणाला, हिशोब ५ टक्क्यांच्या वरच्या दराने होणार. स्ट्रेस टेस्ट. करारातल्या दरावर २ टक्के किंवा बँक ऑफ कॅनडा या केंद्रीय बँकेने जाहीर केलेला पाच वर्षांचा दर, जो जास्त असेल तो धरायचा, आणि त्या हप्त्याला तुमचा पगार पुरला तरच कर्ज. पुरला नाही. दहा वर्षं इथे कर भरून मला कोणी परकं अनोळखी टेबलावर बसून सांगतंय की तुझी ऐपत नाही, याचा इतका राग आला होता की ४१० हायवेवर गाडी चालवताना मी आणि बायको एक शब्द बोललो नाही. शेवटी ६,२५,००० डॉलरचं टाउनहाउस, म्हणजे ओळीतलं जोडघर घेतलं, ५ लाखांचं कर्ज, हप्ता २,३६६ डॉलर.

मग २०२२ आलं. बँक ऑफ कॅनडाचा दर मार्चच्या सुरुवातीला पाव टक्का होता, जुलै २०२३ पर्यंत ५ टक्के झाला. माझा दर पाच वर्षांपुरता बांधलेला होता; तो नव्याने ठरवायचं रिन्युअल २०२४ मध्ये आलं, ५ टक्क्यांनी. हप्ता २,८०८. महिन्याला ४४२ डॉलर जास्त. दोन वर्षं सुट्टीला गावी आलो नाही, पण घर राहिलं. ज्या दराची परीक्षा मला अपमान वाटली होती, जवळजवळ त्याच दराला मी येऊन पोचलो होतो.

तीच लाट तिकडेही आली होती. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. साडेसहा टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज घेतलेल्याचा हप्ता लाखाला ७४६ रुपये. तोच दर ९ टक्के झाला की लाखाचं महिन्याचं व्याजच ७५० रुपये. नुकतंच कर्ज उचललेल्यांचा पूर्ण हप्ता व्याजातच जिरला. बँकांनी काय केलं? बऱ्याच जणांचा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. लोकांना पत्ताही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा.

म्हणून मी भाच्याचे आकडे इथल्या चाळणीतून काढले. १० टक्क्यांनी त्याचा हप्ता ८६,८५२. गाडीसकट लाखाच्या वर. इथे पदरचे पैसे कमी असले की कर्जाचा विमा काढावा लागतो, तशा कर्जाला सगळे हप्ते मिळून पगाराच्या ४४ टक्क्यांपर्यंत चालतात. त्याच्या २ लाख १५ हजारांचे होतात ९४,६००. म्हणजे या मापाने त्याला हे कर्ज मिळालंच नसतं. मी ग्रुपवर लिहिलं: ७५ लाखांचं, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर बघ, जीएसटी नाही. कर्ज ६० लाख, हप्ता ५०,१८६. दर २ टक्क्यांनी वाढला तरी ५८ हजारांच्या आत. शुल्क भरून जवळपास साडेपाच लाख हातात राहतील. आणि दाजींच्या पीएफला हात लावू नकोस. म्हाताऱ्या माणसाचे पैसे घातल्याशिवाय जे येत नाही ते घर आपलं नव्हेच.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. तासाभराने ताईचं उत्तर आलं, एकच ओळ. "तुझ्या वेळी अण्णांनी हिशोब मागितला नव्हता."

मी वर ५ लाखांचं कर्ज लिहिलं. उरलेल्या १,२५,००० पैकी ४० हजार डॉलर अण्णांचे, आमच्या वडिलांचे होते, ते लिहिलं नाही. तेव्हाचे २१ लाख. कराडला त्यांनी मास्तरकीच्या पगारातून दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला होता, निवृत्तीनंतर बैठं घर बांधायला. तो विकला. इथल्या बँकेला गिफ्ट लेटर लागतं: ही रक्कम भेट आहे, परत मागणार नाही, घरावर माझा हक्क नाही. मी मसुदा पाठवला. अण्णांनी फोनवर मला एकेक ओळ वाचायला लावली, मराठीत सांग म्हणाले, आणि म्हणाले, "पोराला दिलेलं कोण परत मागतं? हे कागदावर कशाला लिहून घेतात?" मग बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला, सही केली, स्कॅन करायला शेजारच्या मुलाला धरलं. त्या कागदाची प्रत अजून माझ्या फाइलमध्ये आहे. सही थोडी वर गेलेली, खाली मराठीत तारीख.

स्ट्रेस टेस्टने माझा पगार तपासला, कर्जं तपासली. अण्णांचे गुडघे तपासायचा रकाना त्यात नव्हता. ते आणि आई अजून जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. मी इथून वाढीव दराची, ४४ टक्क्यांची गोष्ट सांगतो तेव्हा मला खरंच त्या पोरांची काळजी असते. पण इथली शिस्त माझ्या अंगी लागली ती कराडच्या दोन गुंठ्यांवर उभं राहून, हे मी सात वर्षांत एकदाही ग्रुपवर लिहिलं नव्हतं. इथे शेजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, नाइस गिफ्ट. तिकडे कोणी विषयच काढत नाही. कुठल्याच बाजूला तो पैसा माझ्या नावे मांडलेला नाही.

ताईला मी लिहिलं की तू बरोबर बोललीस, आणि तरीही दाजींना पीएफ मोडू देऊ नकोस. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. भाच्याचा मात्र फोन आला: मामा, तयार घरांची यादी पाठवू का? पाठव म्हटलं.

संध्याकाळी कराडला फोन लावला. तिकडे सोमवारची पहाट, अण्णा चहा करत होते. उगाच इकडचंतिकडचं बोलून शेवटी विचारलं, आपल्या त्या प्लॉटवर आता काय आहे हो?

"चार मजली झालंय," ते म्हणाले. "खाली मेडिकल आहे. माझ्या गोळ्या तिथूनच आणतो मी. चांगला आहे मुलगा."