दिवे लावायचे उद्योग

संध्याकाळी सात वाजता मुंबईतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत माणूस स्वतःच्याच सावलीत कांदा चिरत असतो. ट्यूब पाठीमागे, दाराच्या वर. मधे माणूस. पुढे ओटा. डोक्याची सावली बरोबर विळीवर पडते आणि कांदा कुठे संपला, बोट कुठे सुरू झालं, हे अंदाजाने ठरवावं लागतं. यावर घरचं निदान एकमताने झालेलं असतं : "उजेड कमी पडतो." मग जास्त उजेडाची ट्यूब येते, त्याच जागी लागते, आणि सावली आता अगदी रेखीव दिसते.

दिव्याखाली अंधार ही म्हण ठीक आहे, पण फ्लॅटमधे अंधार दिव्यासमोर असतो. ओट्याशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार करून कोणी तो पॉइंट काढलेला नसतो. बोर्ड दाराशी, म्हणून पॉइंट दारावर, वायर वाचते. तेव्हा उजेड सुधारायचा म्हणजे दिवा मोठा करायचा नसतो, सावली हलवायची असते. एवढं एक समजलं की दोन हजारांच्या आत-बाहेर वन रूम किचनचं काम भागतं. नाही समजलं, तर दहा हजारही कमीच पडतात.

खरेदीआधी एक प्रयोग करावा, त्याला पैसे पडत नाहीत. रात्री सगळे दिवे बंद करून एकाने ओट्याशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च निरनिराळ्या जागी धरायचा : कपाटाच्या खाली, समोरच्या भिंतीवर, डाव्या कोपऱ्यात. सावली ज्या जागी अंगामागे जाते, तिथे दिवा. प्रयोग सोपा आहे, टॉर्च धरणारा अवघड. टॉर्च धरणारा माणूस स्वतः जिकडे बघतो तिकडे उजेड टाकतो, काम करणारा बघतो तिकडे नव्हे. हे मी वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने सांगतो आहे आणि यात वय, शिक्षण, नातं कशानेही फरक पडत नाही.

आता थोडं गणित. खोक्यावरचा वॉट म्हणजे दिवा खातो किती. उजेड देतो किती ते लुमेनमधे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, जे वाचायला चांगला उजेड लागतो. ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेनच्या आसपास. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब याहून कमीच द्यायचा. चार फुटी २० वॉटची एलईडी बॅटन, म्हणजे पट्टीसकट एकसंध येणारी ट्यूब, साधारण २००० लुमेन. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर. दोन हजार भागिले अकरा, साधारण १८० लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे तेवढे लुमेन. त्यातला निम्मा उजेड भिंती, छत, पडदे आणि पट्टीवरची धूळ गिळतात. उरले नव्वद. टीव्ही बघायला भरपूर, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला अपुरे. म्हणून हॉलमधे एकच चाळीसची दणदणीत बॅटन लावण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींवर वीस-वीसच्या दोन. लुमेन तेवढेच, पण एकीची सावली दुसरी पुसते. आणि भिंत जांभळी असेल तर आधी रंगाऱ्याला बोलवा, मग इलेक्ट्रिशियनला.

यानंतर घरात युद्ध पेटतं : पांढरा की पिवळा. एका पक्षाला पिवळ्या उजेडात कोंदट वाटतं, दुसऱ्याला पांढऱ्यात दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. दुकानात याला केल्व्हिन म्हणतात आणि हा आकडा उलटा चालतो : २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. गंमत अशी की घरातला पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन त्याला पांढरं करतात. थर कमी-जास्त की रंग बदलला. या निळ्या एलईडीसाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणं सासू-सुनेला एका रंगावर आणण्यापेक्षा सोपं गेलं असावं. माझा कौल : झोपायच्या खोलीत ३०००, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००. ६५०० हा गॅलरीसाठी आणि ज्यांना पाहुणे लवकर उठायला हवे असतात त्यांच्या हॉलसाठी. पण एका खोलीत एकच रंग. अर्धा हॉल पिवळा आणि अर्धा पांढरा झाला की तडजोड झाल्यासारखी वाटते, दिसतं मात्र दिवा गेल्यासारखं.

खोक्यावर सीआरआय हा आकडाही शोधा. रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप, शंभरपैकी. ८० चालतो, ओट्यावर ९० मिळाला तर घ्या. हलक्या दिव्याखाली ताजी कोथिंबीर कालची दिसते आणि पापलेटाचे कल्ले बघून काही कळत नाही. ज्या घरात मासे येतात तिथे हा आकडा केल्व्हिनपेक्षा महत्त्वाचा.

खरेदीला लोहार चाळ. क्रॉफर्ड मार्केटच्या शेजारच्या या गल्ल्यांत विजेचं जे जे म्हणून असतं ते मिळतं. रविवारी मात्र बाजार बंद, आणि नेमका रविवारीच आपल्याला वेळ असतो. दुकानदार विचारतो, "कितना पीस?" दोन म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावरचे लुमेन उतरतात, ती घाऊक माणसं. तरी काउंटरवरच्या होल्डरमधे बल्ब लावून दाखवायला सांगायला लाजू नये. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे जोरात पळताना दिसले तर आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताने वीज पुरवणारं सर्किट, हलका आहे आणि त्या उजेडात तासभर वाचलं की डोकं धरेल. खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, शिक्का आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. नसेल तर वीस रुपये वाचतात आणि पहिल्या पावसाळ्यात वसूल होतात. २०१५ च्या जानेवारीत स्वस्त एलईडीची सरकारी उजाला योजना आली, त्यानंतर एलईडी इतके स्वस्त झाले की या बाबतीत कंजुषी करायला कारण उरलेलं नाही. साधारण बल्ब शंभराच्या आसपास, चांगली बॅटन अडीचशे-तीनशे.

आता जुनी ट्यूब काढायची. इथे कोणी म्हणेल, नुसतं बटण बंद केलं की झालं. नाही झालं. जुन्या इमारतींत वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या आणि वायरमन घाईत, असा योग अनेकदा जुळलेला असतो. परिणामी बटण न्यूट्रलवर बसतं. बटण बंद, दिवा बंद, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट हजर. म्हणून एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवलेला खटका, पाडा. चिनीमातीचा फ्यूज असेल तर तो काढून खिशात ठेवा; खिशातच, कपाटावर नाही. एमसीबीवर कागद चिकटवा : "हात लावू नये." कारण तुम्ही स्टुलावर चढल्यावर बरोबर तिसऱ्या मिनिटाला कोणाला तरी मालिका आठवते, आणि "अगं, हे कसं बंद पडलं?" म्हणत एक हात त्या खटक्याकडे जातो.

टेस्टरवरही आंधळा विश्वास नको. त्यातला छोटा निऑन तुमच्या अंगातून जाणाऱ्या इवल्याशा प्रवाहावर पेटतो. लाकडी स्टुलावर, रबरी चपलेत तो इतका मंद पेटतो की दिवसा दिसतच नाही. आधी चालू सॉकेटवर टेस्टर तपासा, मग एमसीबी पाडून होल्डरवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. आणि वायरीचं आवरण हात लावताच बिस्किटासारखं तुटत असेल, काळं पडलेलं असेल किंवा बोर्डात जळका वास असेल, तर स्टुलावरून उतरा आणि परवानाधारक वायरमनला फोन करा. यात कमीपणा काही नाही.

जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवण्याचा मोह आवरा. पैसे फारसे वाचत नाहीत आणि भानगड वाढते. या ट्यूबांच्या दोन जाती असतात : एकीला फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या टोकाला लागतो, दुसरीला दोन्ही एकाच टोकाला. पहिल्या जातीत बऱ्याचदा एका टोकाच्या दोन्ही पिना आतून जोडलेल्या असतात. अशी ट्यूब चुकून दुसऱ्या जातीच्या वायरिंगमधे बसली की थेट शॉर्ट. ठप्प असा आवाज येतो आणि शेजारचे काका दारात हजर होतात. शिवाय चोक आणि स्टार्टर काढून टाकायचे असतात ते वेगळंच. त्यापेक्षा अख्खी पट्टी उतरवा आणि सरळ बॅटन लावा. जुनी ३६ वॉटची ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून पन्नासेक वॉट खायचे, बॅटन वीस खाते. तीस वॉटचा फरक, रोज सहा तास, महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास. बेस्टचं बिल असो की उपनगरातलं, एवढ्याने कोणी श्रीमंत होत नाही, पण घरच्यांना सांगायला आकडा होतो.

बॅटनच्या क्लिपा नव्या जागी लावायच्या तर भोकं आली. सहा मिलिमीटरचं बिट, सहाचीच गिट्टी (भोकात स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची खुंटी), सव्वा-दीड इंची स्क्रू. विटांच्या भिंतीत काम पाच मिनिटांचं. काँक्रीटच्या बीममधे हॅमर ड्रिलशिवाय नाद करू नका, आणि ड्रिल एक इंचावर अडून किंचाळायला लागलं तर ती सळई आहे. तिच्याशी वाद न घालता इंचभर बाजूला सरका. बटणाच्या सरळ रेषेत वर किंवा खाली कधीच भोक पाडू नका, तिथून वायरींचा पाइप गेलेला असतो. ड्रिलखाली कागदाचा कप उलटा धरला की सगळी माती कपात. कप कोणी धरायचा? टॉर्चवाल्याने. त्याच्यावर अविश्वास असूनही.

आणि आता ओटा. सगळ्या उद्योगातला हाच भाग खरा पैसे वसूल करणारा. वरच्या कपाटाच्या खालच्या अंगाला १२ व्होल्टची एलईडी पट्टी. दोन मीटर ओट्याला, मीटरमागे १२० दिव्यांची पट्टी घेतली तर मीटरला ९.६ वॉट, म्हणजे एकूण १९ च्या वर. ॲडाप्टर बरोबर तेवढाच घेऊ नये, वीस टक्के मोकळा ठेवावा : १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर, २४ वॉट. पूर्ण भारावर चालणारा ॲडाप्टर तापतो, गुरगुरतो आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी मरतो. पट्टी कुठेही कापू नका. दर तीन दिव्यांनंतर तांब्याच्या ठिपक्यांवर रेघ असते, कात्री तिथेच. अधिक-उणे उलटं लागलं तर काही जळत नाही, नुसतं पेटत नाही, फिरवून लावा.

पट्टी कपाटाच्या मागच्या कडेला, भिंतीलगत लावायची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मग टाइल झगमगते आणि कांदा पुन्हा अंधारात. पुढच्या कडेला, कपाटाच्या ओठामागे लपवून लावा, म्हणजे उजेड सरळ ओट्यावर आणि डोळ्यांत येत नाही. तिच्या पाठीचा गोंद मुंबईत टिकत नाही. कपाटाच्या खाली फोडणीचा एक अदृश्य थर असतो, त्यावर समुद्राची दमट हवा. आठ दिवसांत पट्टी साप सोडल्यासारखी लोंबते. म्हणून आधी स्पिरिटने पुसा आणि दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची चॅनल स्क्रूने लावून पट्टी तिच्यात बसवा. मीटरला दीडशेच्या आसपास जातात, पण चॅनल उष्णताही ओढून घेते आणि झाकणावरून फडकं फिरवता येतं. सिंकवर सिलिकॉनची, ओल सोसणारी पट्टी. गॅसच्या बरोब्बर वर कोणतीच नाही.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. छताला घट्ट बंद काचेचा घुमट असेल तर त्यात बल्ब लवकर जातो; २५,००० तासांचं आयुष्य एलईडीचं असतं, त्याच्या बुडातला ड्रायव्हर मात्र उकाड्याने आधीच जीव टाकतो. आणि नवा बल्ब बटण बंद केल्यावरही रात्री मंद मिणमिणत असेल, तर घरात कोणी गेलेलं माणूस परत आलेलं नाही. बटणात छोटा लाल दिवा असेल तर त्यातून गळणारा प्रवाह पुरतो. नाहीतर वर सांगितलेलं न्यूट्रलवरचं बटण. दुसऱ्या कारणासाठी वायरमन, पहिल्यासाठी साधं बटण. मांत्रिक दोन्हींसाठी नको.

काम झाल्यावर जमिनीवर ढीग उरतो : चोक, स्टार्टर, गंजलेली पट्टी आणि ट्यूब. चोकमधे तांबं, म्हणून भंगारवाला तो मोठ्या प्रेमाने तोलून नेतो. पट्टीही नेतो. ट्यूब नेत नाही. तिच्यात थोडासा पारा असतो, त्यामुळे फोडून कचऱ्यात टाकायची नसते. ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवायची असते. तो केव्हा येणार हे नक्की नसतं. मग कोणीतरी म्हणतं, "असू दे, अजून पेटते, कधी लागेल." ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जाते. माळ्यावर दिवा नाही, त्यामुळे आधीच्या किती ट्यूबा तिथे आहेत ते कोणालाच सांगता येत नाही.