दुसऱ्या प्रकारची तरफ

बी.एड.ला प्रवेश घेताना माझा हिशेब सरळ होता. एक अध्यापन पद्धती विज्ञान, दुसरी गणित, आणि या दोन्हींच्या मधून कला आत शिरेल एवढी फट कुठेही नाही. पण २०१४ च्या आराखड्यानं बी.एड. दोन वर्षांचं करताना त्यात 'शिक्षणातील नाट्य व कला' असाही एक भाग घालून ठेवला आहे, हे मला फी भरल्यावर कळलं. नाट्याचं निभावलं. तिथं गर्दीत उभं राहता येतं. मी एका पथनाट्यात वडाचं झाड होते आणि माझं काम चांगलं झालं असं सगळे म्हणाले. चित्रकलेत मात्र गर्दी नाही. प्रत्येक छात्राध्यापकानं संग्रहालयात जायचं, एक वस्तू निवडायची, तासभर तिच्यासमोर बसून ती कागदावर काढायची, खोडरबर वापरायचा नाही, आणि मग त्यावर चिंतन लिहायचं.

बी.एड.मध्ये चिंतनाला तोटा नसतो. पाठ घेतला की चिंतन, दुसऱ्याचा पाठ पाहिला की चिंतन, परिपाठाला उशीर झाला तरी चिंतन. माझ्या एका मैत्रिणीनं तर आदल्या रात्रीच 'ही वस्तू पाहून मी भारावून गेले' इथपासून 'भावी अध्यापनात याचा उपयोग करीन' इथपर्यंत सगळं लिहून टाकलं होतं. वस्तूच्या नावापुरती जागा कोरी ठेवली होती.

माझं कलाशिक्षण कसं झालं तेही सांगायला हवं. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास वेळापत्रकात होता, पण तो बहुधा विज्ञानाच्या बाई 'पोर्शन राहिलाय' म्हणून उसना घ्यायच्या. त्याची परतफेड झाल्याचं मला आठवत नाही. जे तास वाचले त्यांत आम्ही दोन डोंगर, मधून सूर्य, सूर्यातून थेट अंगणात येणारी नदी आणि आकड्यासारखे चार पक्षी काढले. सातवीत एलिमेंटरीला बसले, कारण सगळा वर्गच बसला होता. स्मरणचित्रात बाईंनी एक युक्ती दिली होती: माणसं पाठमोरी काढा, आणि पावसाळा असेल तर छत्र्या उघडा. चेहरा टळतो. त्यामुळे माझ्या बसथांब्यावर कोणालाही तोंड नव्हतं. भर बाजारातसुद्धा मी पाऊस पाडला. 'सी' श्रेणी मिळाली आणि घरात पेढे वाटले गेले.

असं भांडवल घेऊन मी बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. पुण्यात राहणाऱ्या बहुतेकांसारखी मी तिथं शाळेच्या सहलीत रांगेतून पळत गेले होते. पुढच्याच्या खांद्यावर हात, 'कशाला हात लावू नका', आणि बाहेर आल्यावर लिमलेटची गोळी. या वेळी पहिल्यांदा थांबून पाटी वाचली. दिनकर गंगाधर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं आणि 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू, आणि मांडलेल्या त्यातल्या अडीचेक हजार. बरं, या वस्तू म्हणजे रत्नजडित सिंहासनं नव्हेत. दिवे, दौती, पाळणे, पाय घासायच्या वज्री, गंजिफाचे पत्ते, कुलपं. आमच्या आजीनं मोडीत घातल्या असत्या अशा वस्तू. घरोघरच्या आज्यांनी त्या खरोखर मोडीत घातल्या असणार, आणि हा माणूस त्या मागून, विकत घेऊन आणत राहिला. लोकांना नीट दिसावं म्हणून एवढी खटपट एखादा चष्मेवालाच करू जाणे.

मी अडकित्ता निवडला. यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, हुशारी होती. अडकित्ता मला पाठ आहे. दुसऱ्या प्रकारची तरफ: एका टोकाला टेकू, दुसऱ्या टोकाला बल, मध्ये भार. मी तो सूक्ष्म अध्यापनात फळ्यावर काढला आहे, टाचणवहीत काढला आहे, परीक्षेत दोन गुणांसाठी काढला आहे. दोन रेघा, एक त्रिकोण, दोन बाण. पाच मिनिटांत उरकेल आणि उरलेल्या वेळात कोपऱ्यावर चहा घेता येईल असा बेत होता.

कपाटातल्या अडकित्त्याला हा बेत माहीत नव्हता. तो घोड्याच्या तोंडाचा होता. पितळी मान, मानेवर आयाळीच्या बारीक खाचा, खाली लोखंडी पातं, आणि दांडे सरळ नव्हेत तर कमरेत किंचित मुरडलेले. परीक्षेचा पॅड मांडीवर घेऊन मी फरशीवर बसले आणि दोन रेघा मारल्या. वर बघितलं. समोर कुठेही रेघ नव्हती. दांड्याची जाडी मध्ये वाढत होती, टोकाला कमी होत होती. माझा अडकित्ता मात्र शाळेतल्या पट्टीचा सख्खा भाऊ दिसत होता.

मग मॅडमनी शिकवलेलं माप घेणं आठवलं. हात ताठ करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा सरकवत वस्तूची उंची-रुंदी मोजायची. मी हे सुरू करताच समोरून येणारे एक आजोबा चटकन बाजूला सरकले. त्यांना वाटलं मी नेम धरते आहे. त्यांच्या मागून एक आख्खं कुटुंब आलं. आई म्हणाली, "बघ, ताई किती छान चित्र काढतेय." मुलगा पॅडवर वाकला, नीट पाहिलं आणि म्हणाला, "पण ही पक्कड का काढतेय?" आईनं त्याला दंडाला धरून दिव्यांच्या दालनाकडे नेलं. एका आजींनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आणि सुपारी गं?" मी म्हटलं, सुपारी नाहीये आजी, नुसता अडकित्ता आहे. "मग काय उपयोग," असं म्हणून त्या गेल्या. चिंतनात लिहायला हा मुद्दा मला आवडला होता.

खरी परीक्षा पहाऱ्यावरच्या काकांची. ते फेरी मारून यायचे, मागे उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. मला आमचे निरीक्षक परवडले. ते निदान वहीत लिहितात. शेवटी काका बोलले. "मान जाड झाली."

"हो का?"

"आणि डोळा राहिला."

"त्याला डोळाच नाहीये काका."

"आहे की. खिळा बघा."

मी गुडघ्यांवर उठून काचेला नाक लावलं. दोन पाती जिथं जोडलेली असतात तिथला खिळा बरोबर घोड्याच्या डोळ्याच्या जागी होता. कारागिरानं खिळा ठोकून वर वेगळा डोळा कोरला नव्हता. त्याला खिळा कुठेतरी घालायचाच होता, तर त्यानं घोडा असा वळवला की खिळा डोळ्यात यावा. म्हणजे माझा टेकू! ज्या टेकूचा त्रिकोण मी जन्मभर काढत आले, तो इथं माझ्याकडे रोखून बघत होता. मी त्रिकोण काढून बसले होते आणि खोडरबरला बंदी. तेव्हा त्या घोड्याला त्रिकोणी डोळा आहे.

आठवड्यानं मॅडमनी चित्रं भिंतीवर लावली आणि नकलेवर बोलल्या. बघून काढणं कमी दर्जाचं नसतं, म्हणाल्या. अजिंठ्याची चित्रं जगापुढे गेली ती नकलांतूनच. मेजर रॉबर्ट गिलनं १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून ती उतरवली आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्याची बहुतेक चित्रं जळाली. मग जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथं जात राहिले आणि पुन्हा सगळं काढलं. त्यातलीही कितीतरी १८८५ मध्ये लंडनलाच जळाली. हे ऐकून माझ्या मनात त्या जे.जे.च्या पोरांबद्दल फार माया दाटली. अंधाऱ्या लेण्यात, वटवाघळांखाली वर्षानुवर्षं बसायचं, आणि मग पत्र यायचं की जळलं. मूळ चित्रं मात्र अजिंठ्याच्या भिंतीवर होती तिथंच. मॅडम माझ्या घोड्यापाशी थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "डोळा धीट आहे." मी नम्रपणे मान खाली घातली.

सराव शाळेत सातवीला तरफ शिकवायची पाळी आली तेव्हा घरमालकीणबाईंचा अडकित्ता मागून नेला. साधा, लोखंडी, घोडाबिडा काही नाही. टाचणात 'शिक्षक फलकावर आकृती काढतील' असं लिहिलेलं होतं. ते मी वगळलं, अडकित्ता टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आधी बघून काढा, नावं मग. मागच्या बाकावर निरीक्षक सरांनी पेनचं टोपण उघडलं.

वर्ग असा शांत झाला की बाजूच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीनं दांड्यावरचा गंज ठिपका-ठिपका करून काढला. एकानं अडकित्ता धरलेला आजोबांचा हातही काढला, नखाला लागलेल्या चुन्यासकट. आजोबा वर्गात नव्हते, पण ते मी खपवून घेतलं. आणि खिडकीजवळच्या पोरानं, मी अवाक्षरही सांगितलेलं नसताना, खिळ्याचा डोळा करून अख्ख्या अडकित्त्याचा कावळा केला होता. मी विचारलं, "यात टेकू कुठे येईल?" तो म्हणाला, "डोळ्यात, बाई. तिथंच फिरतंय ना ते."

अर्धा तास तरफेचं एकही सूत्र न सांगता गेला. सर उठून पुढे आले. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी टेबलावरचा अडकित्ता उचलला, उघडला, मिटला, उजेडात धरून खिळा बघू लागले.

"ओ सर," मागून आवाज आला, "ठेवा ना खाली! माझं मधलं राहिलंय!"

"तसा नाही सर, तोंड दाराकडे होतं," दुसरा.

सरांनी अडकित्ता ठेवला, तोंड दाराकडे केलं, जरा मागे सरून खात्री करून घेतली आणि जागेवर जाऊन लिहिलं: शैक्षणिक साधन समर्पक. वेळेचे नियोजन नाही. वर्गनियंत्रण, सुधारणेस वाव.